धूमकेतू नेमका कुठे पाहायचा?

'लेमन' धूमकेतूची आपली बातमी वाचून ऐन दिवाळीत आम्ही दुर्बीण घेऊन मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. जानेवारी २०२५ मध्ये ॲरिझोनातून सापडलेला हा धूमकेतू २१ ऑक्टोबरला पृथ्वीपासून सुमारे ९ कोटी किलोमीटरवर आला, हे बातमीत होते. पण तो कोणत्या दिशेला, किती वाजता पाहायचा, याचा उल्लेखही नव्हता. सोबतची मुले छायाचित्रातला हिरवा गोळा शोधत राहिली. तशी छायाचित्रे कॅमेऱ्यात बराच वेळ प्रकाश साठवून घेतलेली असतात. ढगांच्या फटीतून मावळतीला अखेर दिसला तो कापसाच्या बोळ्यासारखा धूसर ठिपका. मुलांनी आनंदाने उड्या मारल्या! अशा बातमीसोबत दिशा, वेळ आणि दुर्बीण लागेल की नाही, एवढ्या दोन ओळी कृपया छापाव्यात.

— एक वाचक, पणजी