डब्यावरचा ‘४के’ आणि संगणकात उतरणारा व्हिडिओ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा आटोपल्या की प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा स्विच या कन्सोलवरचा (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावरचा) गेम संगणकात रेकॉर्ड करण्यासाठी कॅप्चर कार्ड शोधणाऱ्या मुलांची दुकानांत ये-जा सुरू होते. नांदेड, लातूर, परभणी, बीड, कुठल्याही बाजारात विचारा, डब्यावर ठळक ‘४के’ छापलेले बोटभर यूएसबी कार्ड समोर ठेवले जाते. घरी जोडल्यावर चित्र धूसर आणि अडखळत येते. मग ‘गेमच्या नादात पैसे घातले’ म्हणून पोराला बोलणी बसतात. यात पोराचा दोष फारसा नसतो. डब्यावरचा आकडा कार्ड आत काय घेऊ शकते याचा असतो. संगणकात काय उतरते हा आकडा निराळा आहे, आणि तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

गणित साधे आहे. फुल एचडी चित्र (१०८०पी) १९२० गुणिले १०८०, म्हणजे एका फ्रेममध्ये (व्हिडिओतल्या एका स्थिर चित्रात) २०,७३,६०० ठिपके. न दाबलेल्या नेहमीच्या स्वरूपात ठिपक्याला २ बाइट धरा आणि सेकंदाला ६० फ्रेम. सेकंदाला सुमारे २५ कोटी बाइट झाले, म्हणजे जवळपास २०० कोटी बिट. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच सेकंदाला ४८ कोटी बिट आहे. एवढा माल त्या वाटेने जाणे शक्य नाही, म्हणून स्वस्त कार्ड प्रत्येक फ्रेम जेपेग फोटोसारखी दाबते आणि बऱ्याचदा फ्रेमही निम्म्या करून सेकंदाला ३० वर आणते. त्याचा पहिला मार गवत, धूर, पाऊस आणि झपकन फिरणारा कॅमेरा यांना बसतो. नेमके तेच गेममध्ये सतत असते. यूएसबी ३.० ची मर्यादा ५०० कोटी बिट आहे, तिच्यात १०८० चे चित्र ६० फ्रेमने न दाबता मावते. काही जुन्या, चांगल्या कार्डांत एच.२६४ पद्धतीने व्हिडिओ दाबणारी चिप आतच असते. ती यूएसबी २.० वरही नीट चालतात, मात्र संगणकावरचे चित्र एक-दोन सेकंद मागे राहते.

निळे प्लास्टिक पाहून ‘३.०’ समजू नका. निळा रंग कोणीही घालतो. कार्डाचा प्लग उजेडात धरून आत पाहा. पुढे ४ लांबट सोनेरी पट्ट्या दिसतील, त्या यूएसबी २.० च्या. त्यांच्या मागे, अगदी आत, आणखी ५ छोट्या पट्ट्या असतील तरच ते ३.० आहे. नऊ मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. टाइप-सी प्लगवर अशी मोजणी जमत नाही, आणि त्यासोबत मोबाइल चार्जिंगची केबल वापरली तर उत्तम कार्डसुद्धा २.० च्याच वेगाने चालते. अशा वेळी कार्ड लॅपटॉपला लावून ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर उघडावे, डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशन ‘कस्टम’ करून १९२० बाय १०८० आणि ६० फ्रेम निवडावे आणि व्हिडिओ फॉरमॅटची यादी पाहावी. ६० वर फक्त एमजेपेग (प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबलेली) मिळत असेल तर चित्र दाबूनच उतरते आहे हे समजले. ही तपासणी दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटांत होते. म्हणूनच आमची मागणी आहे की विक्रेत्यांनी बिलावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: यूएसबीची आवृत्ती, संगणकात उतरणारे रिझोल्यूशन व फ्रेम, आणि टीव्हीसाठी वेगळे एचडीएमआय आउट (टीव्हीला चित्र देणारे तोंड) आहे की नाही. ग्राहकानेही बिल मागावे, नुसत्या डब्यावर विसंबू नये.

मुळात कार्ड घेण्याची गरज आहे का, हेही आधी पाहावे. पीएस५ (प्लेस्टेशन ५) स्वतःच्या आतच एका तासापर्यंत रेकॉर्ड करते. साधे पीएस४ सुद्धा एक तास करते, पण ७२० वर आणि ३० फ्रेमने. स्विचमध्ये मात्र शेवटचे ३० सेकंदच मिळतात. ज्याला अधूनमधून एखादी क्लिप मित्रांना पाठवायची आहे त्याने खर्चात पडू नये. सलग दोन-तीन तासांचे रेकॉर्डिंग, वेगळा माइक, थेट प्रक्षेपण हवे असेल तरच कार्ड.

आता ‘सगळे जोडले, पण पडदा काळाच’ या तक्रारीकडे येऊ. कारण बहुधा एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआयवर लावलेले कुलूप. पीएस५ वर सेटिंग्ज, सिस्टम, एचडीएमआय या वाटेने ‘एनेबल एचडीसीपी’ बंद करता येते. पीएस४ वर ते सेटिंग्जमधल्या सिस्टममध्येच आहे. ते बंद असेपर्यंत चित्रपट दाखवणारी ॲप चालणार नाहीत, रेकॉर्डिंग झाल्यावर पुन्हा चालू करावे. एक्सबॉक्स आणि स्विचवर गेमला हे कुलूप नसते. स्विचचा पडदा काळा राहिला तर चार्जर पाहा: डॉकला (स्विच टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडला) कंपनीच्या जोडीचा ॲडॉप्टर लागतो, मोबाइलच्या साध्या चार्जरवर टीव्हीला चित्रच जात नाही. स्विच लाइटला टीव्हीची सोय मुळातच नाही.

पीएस३ ची गोष्ट वेगळी. तिच्या एचडीएमआयवरचे कुलूप काढता येत नाही. त्यासाठी लाल-हिरव्या-निळ्या प्लगांची कंपोनंट केबल आणि कंपोनंट घेणारे कार्ड लागते. केबल बदलल्यावर काहीच दिसत नसेल तर बंद असलेल्या पीएस३ चे पॉवर बटण दुसरी बीप होईपर्यंत दाबून धरावे. व्हिडिओ आउटपुटची सेटिंग मूळ पदावर येते. आवाजासाठी त्याच केबलचे लाल-पांढरे प्लग आहेत, दोन लाल प्लगांची अदलाबदल होते तेवढी सांभाळावी.

कन्सोलवर आणखी चार गोष्टी आधी कराव्यात. रिझोल्यूशन ‘ऑटोमॅटिक’वर न ठेवता १०८०पी करावे. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारी सोय) बंद करावे, नाहीतर ते न समजणाऱ्या कार्डावर रंग धुतल्यासारखे फिके येतात. १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० फ्रेम) आणि व्हीआरआर (फ्रेमचा वेग सतत बदलणारी सोय) बंद करावे. आवाजाचे स्वरूप लिनिअर पीसीएम (न दाबलेला आवाज) ठेवावे; डॉल्बी किंवा डीटीएस ठेवले तर टीव्हीला आवाज येतो आणि रेकॉर्डिंग मुके निघते. एवढे करूनही अंधाऱ्या जागा शाईसारख्या काळ्या दिसल्या किंवा काळा रंग राखाडी दिसला, तर आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची रंगांची मर्यादा) जुळलेली नाही. कन्सोलवर ‘लिमिटेड’ असेल तर ओबीएसमध्येही लिमिटेड, तिथे ‘फुल’ तर इथेही फुल.

संगणकावरच्या खिडकीत पाहून खेळू नये. तिथे १०० मिलिसेकंदांचा उशीर झाला तरी ६० फ्रेमच्या गेममध्ये ६ फ्रेम गेल्या, आणि क्रिकेट किंवा फायटिंग गेममध्ये तेवढ्यात बाद व्हायला होते. कार्डाला एचडीएमआय आउट असेल तर ती वायर टीव्हीला द्यावी. नसेल तर वेगळ्या ॲडॉप्टरवर चालणारा, एकाचे दोन करणारा स्प्लिटर कन्सोल आणि कार्ड यांच्या मध्ये बसवावा आणि टीव्ही गेम मोडवर ठेवावा.

ओबीएस फुकट आहे आणि ते पुरेसे आहे. सेटिंग्जमधील व्हिडिओमध्ये दोन्ही रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आणि फ्रेम ६० ठेवा. आउटपुटमध्ये एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा भाग) हार्डवेअरचा निवडा: एनव्हिडियाचे ग्राफिक्स असेल तर एनव्हेंक, इंटेलचे असेल तर क्विक सिंक. एक्स२६४ निवडले तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि साध्या लॅपटॉपची दमछाक होते. एनव्हेंकला सीक्यूपी (दर्जा ठरवणारा आकडा) २० च्या आसपास ठेवले की चित्र स्वच्छ येते. रेकॉर्डिंग अडखळत असेल तर ‘स्टॅट्स’ उघडून पाहा. ‘रेंडरिंग लॅग’ वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे, ‘एन्कोडिंग लॅग’ वाढत असेल तर एन्कोडर मागे पडतो आहे. दोन्ही शून्य असून व्हिडिओ तुटत असेल तर दोष कार्डात, केबलमध्ये किंवा मधल्या यूएसबी हबमध्ये आहे. हब काढून कार्ड थेट लावावे, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला.

आवाज आणि चित्र यांचा मेळ हा सर्वांत चिवट त्रास. अर्ध्या तासाचे चाचणी रेकॉर्डिंग करून सुरुवात आणि शेवट दोन्ही तपासावेत. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये ‘सिंक ऑफसेट’मध्ये तेवढे मिलिसेकंद टाकले की काम झाले. सुरुवातीला जुळते आणि शेवटी सरकत जाते, असे असेल तर ऑफसेटने काही होणार नाही. आवाजाचे नमुने घेण्याचा वेग ओबीएसमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ आणि कार्डात ४८ असा आहे का ते पाहा, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्येही ४८ करा. काही स्वस्त कार्डे ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ आवाज ९६ किलोहर्ट्झचा मोनो म्हणून संगणकाला सांगतात. त्यामुळे डावे-उजवे एकत्र होते. पैसे परत मागण्यासारखा हा दोष आहे. स्वतःचा माइक दुसऱ्या ट्रॅकवर घ्यावा, म्हणजे बोलणे आणि गेम नंतर वेगवेगळे कमी-जास्त करता येतात.

आपल्या भागात लाइटचा विचार केल्याशिवाय हे काम होत नाही. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. मधेच लाइट गेली तर दोन तासांची फाइल उघडतच नाही. म्हणून एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये रेकॉर्ड करावे, त्यात लाइट जाईपर्यंतचे सगळे शाबूत राहते. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतील ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने मिनिटभरात एमपी४ होते, दर्जा जराही न घटता. अलीकडच्या आवृत्त्यांत हायब्रिड एमपी४ आहे, तेही चालते. लॅपटॉप बॅटरीवर गेला की तो आपणहून वेग कमी करतो आणि फ्रेम गळू लागतात, हे पुष्कळांना उमगत नाही. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर मागचा खटका ‘यूपीएस’वर ठेवावा, म्हणजे लाइट जाताना कन्सोल बंद पडत नाही. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर कन्सोल लावूच नये.

अर्थिंगकडे तर आपण लक्षच देत नाही. पीएस५ ची वायर दोन पिनांची आहे. टीव्ही, लॅपटॉप आणि कन्सोल वेगवेगळ्या बोर्डांवर असले आणि घराला धड अर्थिंग नसले, तर एचडीएमआयचा प्लग लावताना हाताला मुंग्या येतात. तीच गळती चालू पोर्टमधून गेली की पोर्टची चिप जाते. सगळे बंद करून, प्लग काढूनच एचडीएमआय जोडावी, आणि तिन्ही उपकरणे अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्यावीत.

परभणीचा मे महिना वेगळा सांगायला नको. पीएस५ ची गरम हवा मागून निघते आणि एचडीएमआयचे तोंडही मागेच आहे, त्यामुळे केबलला लटकणारे कार्ड त्या झोतातच सापडते. तासाभराने चित्र गोठते ते यामुळे. कार्ड बाजूला, मोकळ्या हवेत ठेवावे. लॅपटॉपमध्ये थेट खुपसलेल्या छोट्या कार्डाला जाड एचडीएमआय केबलचा ताण बसून पोर्ट ढिले होते. वीतभर लांबीची ३.० ची जोडवायर मध्ये घालावी.

जागेचा हिशेब आधी करावा. सेकंदाला २ कोटी बिट, म्हणजे २० एमबीपीएसने रेकॉर्ड केले तर तासाला ९ जीबी लागतात, ४० ने १८ जीबी. एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे २० एमबीपीएसला अर्ध्या तासाच्या आतच ती भरते. बाहेरची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सएफएटी करून घ्यावी. तासाभराची ही ९ जीबीची फाइल यूट्यूबवर चढवायला ५ एमबीपीएस अपलोडच्या लाइनवर ४ तास लागतात. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ते शक्यच नाही, तेव्हा नेट जोडणी घेताना डाउनलोडबरोबर अपलोडचा वेगही विचारून घ्यावा.

आपले,
कन्सोल व संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील दोघे, परभणी