लोणचं जप्त, पेस्टो पास!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला इटलीवरचा लेख वाचला. नेहमीचंच, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसाचा मनोरा हाताने ढकलतानाचा फोटो, झाली इटली. जिनोआ या बंदराच्या शहराचं साधं नावसुद्धा नाही. आम्ही दोघं गेल्या मे महिन्यात तिथे चार दिवस राहून आलो म्हणून राहवलं नाही, लिहितेय.

मुंबईहून थेट विमान नाही, मध्ये बदलावं लागतं. पण उतरताना खिडकी मिळाली तर सोडू नका, कारण धावपट्टी समुद्रात भराव घालून केलीय, त्यामुळे खाली पाणी, पाणी आणि पाणीच, ह्यांनी माझा हात धरला तो विमान थांबेपर्यंत सोडला नाही. विमानतळाला नाव कोलंबसचं, तो इथलाच ना. बिचारा भारत शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला, आम्ही मात्र भारतातून निघून बरोब्बर त्याच्या दारात.

बंदराला लागून जुनं गाव, तिथल्या बोळांना कारुज्जी म्हणतात. काही इतके अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, वर वाळत घातलेले कपडे, खाली मासळीवाला, आणि त्याच बोळातून वळलं की एकदम संगमरवरी जिन्याचा वाडा. 1576 पासून तिथे अशा वाड्यांची सरकारी यादी असायची, बाहेरचा कोणी बडा पाहुणा आला की चिठ्ठी टाकून ज्याचं नाव निघेल त्याने पाहुणा ठेवून घ्यायचा! त्यातले 42 वाडे 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. सान लोरेन्झो चर्चमध्ये एक तोफगोळा ठेवलाय, 9 फेब्रुवारी 1941 ला ब्रिटिश जहाजांनी डागलेला, भिंत फोडून आत आला पण फुटलाच नाही. माझ्या कमरेएवढा असेल. त्याच्यासमोर एक आजी शांतपणे जपमाळ ओढत बसल्या होत्या.

खाण्याचे हाल होतील म्हणून घाबरत असाल तर फारिनाता खा. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑईल, मीठ, बस्स, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, वरून खरपूस आतून मऊ, म्हणजे आपलं धिरडंच, फक्त मिरची-कोथिंबीर नाही त्यात. सकाळी लोक फोकाच्चा नावाचा खारट पाव कॅपुचिनोत बुडवून खातात, ह्यांनी तेही केलं, मी नाही.

आता मुद्द्याचं. जाताना मुलासाठी घातलेलं लिंबाचं लोणचं चुकून हँडबॅगेत राहिलं आणि सिक्युरिटीला गेलं. कुठला विमानतळ ते लिहीत नाही, ती मुलगी नियमानेच वागली. पण परतताना जिनोआला बघते तर लोक पेस्टोच्या, म्हणजे तिथल्या हिरव्या चटणीच्या, बरण्या खुशाल हातात घेऊन चाललेत! चौकशी केली. रोज इतक्या बरण्या जप्त व्हायच्या की 2017 मध्ये त्यांनी तोडगाच काढला. थेट फ्लाइटच्या प्रवाशाने 500 ग्रॅमपर्यंत पेस्टो केबिनमध्ये न्यायचा, निदान अर्धा युरो आजारी मुलांच्या विमानप्रवासासाठी द्यायचा, बरणीवर स्टिकर लागतो, वेगळी तपासणी होते, झालं. आमची फ्लाइट बदलायची होती त्यामुळे आमची बरणी ह्यांच्या स्वेटरात गुंडाळून चेक-इनमध्येच गेली, तो भाग वेगळा.

पेस्टो म्हणजे तरी काय हो, बेझिल, लसूण, चिलगोजासारखे दाणे, चीज आणि तेल, संगमरवरी खलात कुटलेलं. शब्दच मुळी कुटण्यावरून आलाय, जसा आपला ठेचा ठेचण्यावरून. (कडक शाकाहारींनी चीजची चौकशी करावी, अस्सल पार्मेजानमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं.) मग त्यांच्या ठेच्याला वाट मिळते तर परदेशी निघालेल्या आपल्या ठेच्याला, लोणच्याला, आमरसाला पुण्या-मुंबईच्या विमानतळावर का नाही? अर्धा युरो म्हणजे पन्नासेक रुपये, मी शंभर देईन. हा प्रश्न आपल्या पेपरने संबंधितांना विचारावा, आणि पुढच्या लेखात जिनोआला निदान अर्धा कॉलम द्यावा.

ती बरणी घरी आल्यावर भाकरीबरोबर तीन दिवसांत संपली. मुलगा अजून लोणच्याची आठवण काढतो.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे