बाटली नंतर, आधी तोंडातला खर्रा थुका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात अर्धं पान भरून एक जाहिरात होती, कॅन्सरपासून संरक्षण देणाऱ्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची, खाली डिस्काउंटचं कूपन पण होतं. सोमवारी शटर वर केलं नाही तोच लोकं ते कात्रण घेऊन हजर. माझं नागपूरच्या महाल भागात मेडिकल आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. म्हणजे हे पत्र डॉक्टरचं नाही, काउंटरमागे बसणाऱ्या माणसाचं आहे. आणि असल्या कॅप्सूलच्या बाटल्यांवर मला तापाच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त मार्जिन सुटतं हेही आधीच सांगून टाकतो, उद्या कोणी म्हणायला नको की याचा धंदा बसला म्हणून ओरडून राहिला.

एक तर अशी जाहिरात छापताच येत नाही. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याला आजारांची एक यादी जोडलेली आहे की यांचा इलाज होतो किंवा हे टळतात असं सांगून औषधाची जाहिरात करायची नाही, आणि त्या यादीत कॅन्सर आहे. दुसरं, या कॅप्सूल औषध म्हणून बनतच नाहीत, फूडच्या लायसन्सवर बनतात, बाटली फिरवून बघा, एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, नंबर असतो आणि कुठेतरी ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ लिहिलेलं असतं. म्हणजे बनवणारा स्वतःच सांगतोय की हे औषध नाही, आणि पेपरात मात्र कॅन्सर रोखणार! तुमच्या जाहिरात विभागात हे कोणी वाचत नाही का?

आता खरी गोष्ट. त्याच सोमवारी एक भाऊ आले, असतील पस्तिशीतले, गाडी सुरूच ठेवून. मान वर करून, खालचा ओठ सांभाळत बोलत होते, कारण तोंडात खर्रा भरलेला, शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पन्नीची पुडी वर आलेली. म्हणे, “भाऊ, ते कॅन्सर नाही होत वाली गोळी द्या ना, वडिलांसाठी एक अन् माझ्यासाठी एक.” मी म्हटलं आधी ते थुकून या मग बोलू. हसले, पण थुकले नाही.

नागपूरकरांना खर्रा म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, तंबाखू, सुपारी अन् चुना, पानठेलेवाला पन्नीवर घोटून देतो. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे राज्यात, खर्रा मात्र शाळेच्या कोपऱ्यापासून कोर्टाच्या गेटपर्यंत कुठेही मिळतो. आणि यात लोकं सगळा दोष तंबाखूवर टाकून मोकळे होतात. सुपारी काय साधी आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालीच नुसत्या सुपारीला, म्हणजे तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलं, जिथे सिगारेट आहे, दारू आहे. ‘मी तंबाखू नाही खात, फक्त मीठी सुपारी’ म्हणणाऱ्या काकू माझ्याकडे रोज येतात आणि नातवाच्या हातावर पण दोन दाणे ठेवतात. नस (तपकीर) अन् गुडाखू, म्हणजे तंबाखूचीच पूड अन् पेस्ट, दातांना घासणाऱ्या बायांना तर आपण तंबाखू खातो असं वाटतच नाही.

बरं त्या बाटलीत असतं काय? बहुतेक वेळा बीटा-कॅरोटीन, व्हिटॅमिन ई, सेलेनियम. याची कहाणी मला दुकानात बसून जेवढी माहीत आहे तेवढी सांगतो, कारण हे कुठल्याच जाहिरातीत येत नाही. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो असं दिसायचं, मग शास्त्रज्ञांना वाटलं की त्यातला बीटा-कॅरोटीन काढून गोळीत भरून देऊ. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट पिणाऱ्या पुरुषांवर हे कितीतरी वर्षं करून पाहिलं, १९९४ ला निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! अमेरिकेत असाच प्रयोग सुरू होता, स्मोकर आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या लोकांवर, त्यात व्हिटॅमिन ए पण होतं, तिथे २८ टक्के जास्त निघाला आणि १९९६ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला. पुढे ३५ हजार पुरुषांना व्हिटॅमिन ई अन् सेलेनियम देऊन पाहिलं, प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का म्हणून, तर २०११ पर्यंत कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांना तो उलट १७ टक्के जास्त झाला आणि सेलेनियमचा फायदा काहीच नाही. व्हिटॅमिन डी चं तर सध्या फॅडच आहे, तेही अमेरिकेत जवळपास २६ हजार लोकांना रोज २००० युनिट देऊन पाहिलं, कॅन्सर होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही.

आता कोणी लगेच गाजर अन् संत्री खाणं सोडू नका, हे सगळं गोळीतल्या मोठ्या डोसचं चाललंय, ताटातल्याचं नाही. आणि डॉक्टरने रिपोर्ट बघून बी-१२ दिलं, डी दिलं, गरोदर बाईला फॉलिक अॅसिड दिलं तर ते घ्यायचंच, ती कमी भरून काढायची गोष्ट आहे. पण खर्रा खायचा, वरून अँटिऑक्सिडंट घ्यायचं अन् हिशोब बरोबर झाला समजायचं, हे कुठल्याच प्रयोगात निघालेलं नाही. हळदीच्या कॅप्सूलचं पण तसंच, भाजीतल्या हळदीला काही म्हणणं नाही, पण मिरीचा अर्क टाकून जास्त डोसच्या ज्या येतात त्यांनी काही लोकांच्या लिव्हरला त्रास झालेला आहे, आणि किमो सुरू असलेल्या पेशंटने तर आपल्या डॉक्टरला न विचारता काहीच सुरू करू नये.

माझ्या काउंटरवर मला ज्याची जास्त भीती वाटते ते वेगळंच आहे. पोट्टे येतात, वीस-बावीसचे, म्हणतात सावजीचा तिखट रस्सा आता झेपत नाही, तर्री पोहे खाल्ले की तोंड जळतं, बी-कॉम्प्लेक्स द्या नाहीतर तोंडातल्या छाल्याचा (फोडाचा) जेल द्या. दरवेळी नवीन जेल. त्यांना वाटतं पोटात गरमी झाली. तिखट लागून तोंड जळणं ही सुपारीने तोंड आतून कडक होत चालल्याची सुरुवात असू शकते, आतली कातडी पांढुरकी पडते, चामड्यासारखी ताठ होते, मग हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. मी त्यांना म्हणतो की स्वतःची तीन बोटं उभी जोडून वरच्या अन् खालच्या दातांच्या मधात घालून दाखव. एकाची दोनच गेली, तिसऱ्याला जागाच नाही, अन् तो म्हणतो पाणीपुरी पण तोडून खावी लागते भाऊ, मला वाटलं माझं तोंडच लहान आहे! यातून पुढे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि एकदा कडक झालेलं तोंड पहिल्यासारखं होणं फार अवघड. जेल लावून काही होत नाही त्याला. तोंडातला कुठलाही छाला, पांढरा-लाल चट्टा, गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर मेडिकलवाल्याकडे नाही, दाताच्या डॉक्टरकडे जायचं, आपल्या मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवा.

खर्रा सोडायचा म्हणजे तलफ येते, चिडचिड होते, हे मान्य. त्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो, कोणी बघत नाही. निकोटिनची २ मिलिग्रॅमची गम मेडिकलमध्ये मिळते, पण ती चुइंगमसारखी चघळत बसायची नसते, थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, परत चावायची. हे विकताना कोणी सांगत नाही म्हणून लोकं म्हणतात फायदा नाही झाला. आणि फक्त तंबाखू सोडून सुपारी सुरू ठेवली तर त्याला सोडणं म्हणू नका.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर त्यात चमत्कार काहीच नाही म्हणून जाहिरात होत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, अंबाडी-चवळीची भाजी, हंगामात कळमना बाजारातून येणारी आंबिया बहाराची संत्री, ती पण ज्यूस न काढता फोडी खाल्ल्या तर रेषा (फायबर) पोटात जातात, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी हे कामाचं आहे. सॉसेज-सलामी रोज ५० ग्रॅम खाल्ली तर त्याच कॅन्सरची जोखीम १८ टक्के वाढते असं २०१५ ला त्याच कॅन्सर संशोधन संस्थेने सांगितलं. बुरशी लागलेले शेंगदाणे निवडून फेका, धुऊन भाजून त्यातलं विष जात नाही अन् ते लिव्हरच्या कॅन्सरशी जोडलेलं आहे. दारू थोडी चालते हा गैरसमज आहे. वजन आटोक्यात, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, फुटाळा तलावावर जाऊन भुट्टे खात फिरणं त्यात धरत नाहीत!

आणि हो, ज्याला खरंच कॅन्सर टाळणारी काही गोष्ट विकत घ्यायची आहे त्याने लसीचं विचारावं ना. मुलगी ९ ते १४ च्या मधात असेल तर एचपीव्ही या व्हायरसवरची लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवते, पुण्यात बनणारी सर्व्हाव्हॅक पण आहे, बालरोगतज्ज्ञाला विचारा. बाळाला जन्मल्याबरोबर हिपॅटायटिस बी ची लस दिली जाते ती पण लिव्हरच्या कॅन्सरसाठीच कामाची. याची अर्ध्या पानाची जाहिरात मी आजपर्यंत कुठल्या पेपरात पाहिली नाही बाप्पा.

तर विनंती एवढीच की जाहिरात घेताना १९५४ चा तो कायदा कोणीतरी समोर ठेवून बसा, आणि महिन्यातून एकदा तरी दाताच्या डॉक्टरकडून तोंड कसं तपासायचं ते फोटोसकट छापा, पानठेल्यावर पेपर सगळ्यात जास्त वाचला जातो. माझं पत्र लांबलं आहे, काटछाट करा, फक्त तीन बोटांचं अन् दोन आठवड्यांचं कापू नका.

आपला वाचक,
एक मेडिकलवाला, महाल, नागपूर