प्रेशरच्या म्हणून विकलेल्या बाटल्या फुटल्या, उरलेल्या परत घेऊन जा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: खटक्याच्या झाकणाच्या १ लिटरच्या १२ काचेच्या बाटल्यांबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमच्या वेबसाइटवरनं मी मार्चमध्ये तारेच्या खटक्याचं झाकण असलेल्या १ लिटरच्या चौकोनी १२ बाटल्या मागवल्या, १,९८० रुपये ऑनलाइन भरले, ऑर्डर नंबर मेलच्या विषयात टाकलाय. त्यातल्या दोन बाटल्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रविवारी पहाटे आमच्या किचनमध्ये फुटल्या. फुटल्या म्हणजे तडा गेला, गळायला लागली असलं काही नाही, सुतळी बॉम्ब वाजावा तसा आवाज आला आणि खालच्या मजल्यावरचे लोक सिलिंडर उडाला म्हणून वर पळत आले.

तुमच्या कस्टमर केअरच्या मुलानं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, मॅडम तुम्ही यात बिअर का भरली. म्हणून ते आधी सांगते. मी भरली ती जिंजर बिअर, आल्याची. आलं आणि साखर पाण्यात घालून पाच-सहा दिवस ठेवायचं, बुडबुडे यायला लागले की ते स्टार्टर तयार, मग आल्याच्या गार केलेल्या काढ्यात गूळ, लिंबू आणि हे स्टार्टर घालून बाटलीत बंद करायचं, दोन दिवसात आपोआप गॅस धरतो आणि लगेच फ्रीजला टाकायचं, एवढ्या वेळात अल्कोहोल अगदी नावाला होतं. मी तीन वर्षं झाली करते. आणि तुमच्याच पानावर त्या बाटलीच्या फोटोखाली लिहिलंय की होममेड बिअर, जिंजर बिअर, कोंबुचा आणि सोड्यासाठी एकदम बेस्ट, प्रेशर प्रूफ. स्क्रीनशॉट जोडलाय. मग बिअर का भरली हे मला कसं काय विचारता?

इतके दिवस मी कोल्डड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्याच वापरत होते. त्यांचं बरं असतं, त्या गॅससाठीच बनवलेल्या असतात, हातानं दाबून बघितलं की कळतं किती गॅस झालाय, दगडासारखी कडक लागली की फ्रीजमध्ये. पण आल्याचा वास त्यात बसतो तो काही केल्या जात नाही, आणि महिना-दोन महिने ठेवायचं म्हटलं तर प्लास्टिकमधनं गॅस हळूहळू निघून जातो. बिअरच्या ६५० मिलीच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडं पाहिजे तेवढ्या मिळतात, काचही चांगली जाड, पण त्यांना पत्र्याचं बूच बसवायचं मशीन लागतं, दोन-चार डझन बाटल्यांसाठी ते घ्यायचं म्हणजे खर्च वाढतो. खटक्याच्या झाकणाला मशीन लागत नाही, रबरी वॉशर बदलला की बाटली वर्षानुवर्षं चालते, म्हणून त्या घेतल्या. भाचीचं केळवण होतं, दहा-बारा जणांना घरचं काहीतरी थंड द्यायचं होतं, बाटल्यांच्या गळ्याला बांधायला लाल रिबीन पण आणून ठेवली होती.

शनिवारी रात्री सगळ्या बाटल्या ओट्याच्या खालच्या कप्प्यात होत्या. पहाटे पाचला दहा कमी असताना सासूबाई नळाला पाणी आलं म्हणून मोटर लावायला उठल्या, लाईट लावली आणि तेवढ्यात एक बाटली फुटली, तिच्या धक्क्यानं शेजारची. कप्प्याचं दार उघडून आपटलं. सासूबाई दोन पावलं मागं होत्या म्हणून वाचल्या, पण घाबरून पळताना त्यांच्या टाचेत काच गेली, दोन टाके पडले, बिल जोडलंय. पुढच्याच फळीवर १ किलोचा गुळाचा रवा (ढेप) कागदात होता, कागद फाडून काचेचा बोटभर लांब तुकडा त्याच्यात अर्ध्यापर्यंत रुतलाय. तो मी काढला नाही, तसाच ठेवलाय, फोटो बघा. गुळाचा रवा किती कडक असतो ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, तुम्ही हातानं फोडून बघा म्हणजे कळेल. तो तुकडा सासूबाईंच्या पोटाच्या उंचीला होता.

तुमचं म्हणणं की मी गूळ जास्त घातला, बाटली जास्त दिवस ठेवली, प्रेशर जास्त झालं. तर ऐका. माझे भावजी शिवाजी उद्यमनगरात लेथचं काम करतात, त्यांनी मला मागच्याच वर्षी प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज बसवून दिलंय. प्रत्येक वेळी त्याच काढ्याची एक प्लास्टिकची बाटली मी गेज लावून बाकीच्या बाटल्यांच्या शेजारीच ठेवते, गेज बघूनच बाकीच्या फ्रीजला टाकते. शनिवारी रात्री झोपताना गेज ३४ पीएसआय होतं, बाटल्या फुटल्यावर बघितलं तेव्हा ३६. कारच्या टायरात जेवढी हवा भरतो त्याच्या आसपास. बिअरमध्ये लिटरला साधारण ५ ग्रॅम गॅस असतो, आणि आमच्याकडं एप्रिलमध्ये घरात जेवढं गरम होतं त्यात तेवढ्या गॅसचा एवढा जोर होतोच, फ्रीजमध्ये गेलं की तोच गॅस पाण्यात विरघळून जोर उतरतो. कोल्डड्रिंकमध्ये तर याच्याहून जास्त गॅस असतो. म्हणजे साध्या बिअरचंच प्रेशर जी बाटली झेलू शकत नाही तिला तुम्ही प्रेशर प्रूफ म्हणून विकताय. गेजवाली प्लास्टिकची बाटली अजून शाबूत आहे.

फुटलेल्या बाटलीचे तुकडे भावजींनी व्हर्नियरनं मोजले. एकाच बाटलीची भिंत एका बाजूला ४.१ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला १.६ मिलिमीटर. फुटली ती बरोबर पातळ बाजूच्या कोपऱ्यातनं. आणि मुळात चौकोनी बाटली गॅससाठी विकायचीच कशाला? गोल बाटलीत जोर सगळीकडं सारखा वाटला जातो, चौकोनीत सपाट बाजू बाहेर फुगायला बघते आणि सगळा ताण कोपऱ्यावर येतो. घरातला सिलिंडर गोल, सोड्याची बाटली गोल, ते उगाच नाही. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ च्या सुमाराला काढली, आतल्या गॅसच्याच जोरावर गोटी वर रबराला चिकटून बसते, ती बाटली एकदा हातात घेऊन बघा, वजनावरनंच कळतं ती कशासाठी केलीय. तुमची बाटली तेल, सरबत, काकवी ठेवायला छान आहे, दिसायलाही देखणी आहे, ते मी नाही म्हणत नाही. तसंच लिहून विकली असती तर मी घेतलीच नसती आणि सासूबाईंचा पाय पण वाचला असता.

उरलेल्या दहा बाटल्या मोकळ्या करणं हा वेगळाच प्रकार झाला. गॅस धरलेल्या होत्या, हात लावायची भीती वाटायची. भावजींनी हेल्मेट घातलं, वेल्डिंगचे हातमोजे घातले, एकेक बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून टेरेसवर नेली आणि तोंड लांब धरून खटका सोडला. सगळी जिंजर बिअर मोरीत गेली. केळवणाला आणलेलं सरबत दिलं.

तक्रार करून आज अकरा दिवस झाले. आधी म्हणालात काचेचा माल परत घेत नाही, मग पुढच्या खरेदीवर २० टक्के सूट देतो म्हणून कूपन पाठवलं. मला कूपन नको. ऑनलाइन विक्रीचे २०२० चे नियम आहेत त्यात ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो, तुमची पोच मला अजून नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालानं इजा झाली किंवा धोक्याची सूचना दिली नाही तर त्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर येते, हे तुमच्या वकिलांना विचारून घ्या.

माझं मागणं एवढंच आहे. १,९८० रुपये आणि दवाखान्याचं बिल परत करा. वेबसाइटवरनं बिअर, सोडा आणि प्रेशर प्रूफ हे शब्द आजच्या आज काढा, आणि बाटलीवर ठळक मराठीत लिहा की गॅसच्या पेयासाठी वापरू नये. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांनी ज्यांनी या बाटल्या घेतल्यात त्या सगळ्यांना मेसेज करा, नंबर तुमच्याकडं आहेत. उन्हाळा आहे, कुणाच्या तरी किचनमध्ये आत्ता या क्षणी अशी बाटली भरून ठेवलेली असेल आणि खाली लहान पोरगं खेळत असेल. माझ्या पैशाचं उशिरा बघितलं तरी चालेल, पण हा मेसेज आज गेला पाहिजे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ हेल्पलाइनला तक्रार नोंदवून मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तुकडे, व्हर्नियरची मापं, गेज आणि तो गुळाचा रवा सगळं जपून ठेवलंय.

दहा बाटल्या धुऊन, खटके उघडे ठेवून, पेपरात गुंडाळून तुमच्याच खोक्यात भरल्यात. खोकं गॅलरीत आहे, माणूस पाठवून घेऊन जा, संध्याकाळी सहानंतर आम्ही घरी असतो.

आपली ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर