संरक्षण न्यायाधीशांना, निलंबनाच्या आदेशाला नाही

महोदय,

न्यायालयीन कर्मचाऱ्याचे निलंबन झाले की ‘जज्जसाहेबांना कायद्याचेच संरक्षण, दाद कुठे मागणार?’ हे वाक्य वकिलांच्या बाररूममध्येसुद्धा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे.

न्यायाधीश (संरक्षण) अधिनियम, १९८५ चे कलम ३ पदाचे काम करताना केलेल्या कृतीबद्दल न्यायाधीशावर व्यक्तिशः दिवाणी किंवा फौजदारी कार्यवाही चालू देत नाही. निलंबन केले म्हणून जिल्हा न्यायाधीशांवर नुकसानभरपाईचा दावा लावला, तर तो बहुधा उंबरठ्यावरच अडेल. पण शिरस्तेदाराला (न्यायालयीन कचेरीच्या मुख्य कारकुनाला) किंवा लघुलेखकाला निलंबित करणे हा न्यायनिवाडा नव्हे, ते कचेरीचे प्रशासन. त्या आदेशाला कवच नाही. नियमांत अपील असेल तर आधी ते मुदतीत करावे, नंतर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट, म्हणजे त्या आदेशाला आव्हान देणारी याचिका.

गाडी चुकते ती बहुतेकदा मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) दारात. इतर सरकारी कर्मचारी तिथे जातात म्हणून हेही जातात. मात्र प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम २ ने उच्च न्यायालय व त्याखालील न्यायालयांचे कर्मचारी स्पष्टपणे वगळले आहेत. अर्ज परत येईपर्यंत महिने गेलेले असतात.

दुसरी चूक, निलंबनानंतर विभागीय चौकशी होऊन शिक्षा झाली की त्याविरुद्धच्या याचिकेच्या मसुद्यात. दहा पाने साहेबांच्या स्वभावावर आणि चौकशी अहवालावर एक ओळ! रिटमध्ये पुरावा पुन्हा तोलला जात नाही, चौकशी कशी झाली एवढेच पाहिले जाते. दोषारोप मोघम होता का, साक्षीदाराची उलटतपासणी नाकारली का, शिक्षेआधी अहवालाची प्रत दिली का? ही प्रत देणे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली करुणाकर प्रकरणात बंधनकारक ठरवले. अर्थात नुसती प्रत मिळाली नाही म्हणून शिक्षा आपोआप रद्द होत नाही, त्यामुळे बचावाचे काय नुकसान झाले ते दाखवावे लागते. नेमके तेच परिच्छेद याचिकेत सापडत नाहीत.

खुद्द न्यायाधीशही शिस्तभंगाच्या कारवाईपासून मुक्त नाहीत. कलम ३ च्या पोटकलम (२) ने तो मार्ग खुला ठेवला आहे. फक्त निकाल चुकला, एवढे कारण पुरत नाही. बाहेरचा दबाव किंवा गैरहेतू दिसावा लागतो (सर्वोच्च न्यायालयाचा कृष्ण प्रसाद वर्मा प्रकरणातला निकाल, २०१९).

बेलिफांचे (न्यायालयाचे हुकूम प्रत्यक्ष बजावणाऱ्या कर्मचाऱ्यांचे) संरक्षण आणखी जुने, १८५० च्या कायद्यातले. ताब्याचे वॉरंट घेऊन त्याने कुलूप तोडले आणि पुढे मूळ हुकूमच अधिकारक्षेत्राबाहेरचा ठरला, तरी त्या बजावणीबद्दल त्याच्यावर दिवाणी दावा चालत नाही. पण जप्तीच्या यादीत चार पंखे आणि नाझराकडे (न्यायालयात जप्तीचा माल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जमा तीनच असतील, तर चौथ्या पंख्याचा जाब विभागीय चौकशीत द्यावाच लागतो, आणि तिथे १८५० चा कायदा दाखवून उपयोग नाही.