मा. वनमंत्र्यांना खुले पत्र : आंबोलीच्या पावसाळी रात्रींना नियम हवेत

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

पावसाळ्यात राज्यातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद होते. एरवीही ताडोबात गाड्या मोजून सोडतात, सोबत गाइड लागतो आणि गाडीतून खाली पाय ठेवता येत नाही. हे योग्यच आहे. पण नेमक्या त्याच महिन्यांत आंबोलीत माणसांची रीघ लागते, आणि तिथे रात्री जंगल बघायला येणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणारे हे सदाहरित, निमसदाहरित जंगल. इथले वन्यजीव बघायचे तर रात्र लागते, पाऊस लागतो आणि नजर पायाशी ठेवावी लागते. आंबोली टोडचेच बघा. विज्ञानाला हा बेडूक माहीत झाला तो २००९ साली. अंगठ्याएवढा जीव, कुशीवर वाघासारखे पट्टे, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून. सुरुवातीच्या पावसात कातळावर साचलेल्या, बोटभरही खोल नसलेल्या पाण्यात तो अंडी घालतो. ते पाणी आटायच्या आत पिल्लांना पाय फुटावे लागतात. म्हणजे त्याचा सगळा वंश वर्षातल्या मोजक्या रात्रींवर उभा आहे. त्या रात्री नर-मादी बाहेर पडतात, आणि वाटेत आडवा येतो तो सावंतवाडी–बेळगाव रस्ता.

हेडलाइटच्या झोतात बेडूक पळत नाही, जागीच थिजतो. शनिवारी रात्री धबधब्यावरून परतणाऱ्या गाड्या एकामागोमाग जातात. पहाटे याच रस्त्याने चालत गेलात तर डांबराला चिकटलेली कातडी दिसतात, फुटलेल्या कवचांचे खेकडे दिसतात, कधी एखादे देवगांडूळही, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर. थोडे उजाडले की पाऊस आणि टायर मिळून तेवढेही धुऊन नेतात. वाघ गाडीखाली आला तर पंचनामा होतो, चौकशी लागते. इथे मेलेल्यांची कुठल्याही वहीत नोंद राहत नाही, म्हणून कागदावर सगळे आलबेल!

दुसरा त्रास कॅमेऱ्यांचा. मलबारी चापडा हा विषारी साप तासन्‌तास एकाच फांदीवर बसून राहतो, त्यामुळे तो सापडतो आणि छळलाही जातो. चांगला फोटो मिळावा म्हणून फांदी काठीने वळवतात, आडवी येणारी पाने खुडतात, बेडूक उचलून 'बऱ्या' पानावर नेऊन ठेवतात. याउलट गावातल्या जाणत्या मुलाबरोबर फिरून बघा. तो टॉर्च प्राण्यावर न मारता बाजूच्या पानावर मारतो. मलबारच्या उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे दाखवण्याआधी त्याच्या खालचे डबके दाखवतो, कारण पिल्ले तिथेच टपकणार असतात, आणि त्या डबक्यात कुणाला पाय घालू देत नाही. अशी जाणती मुले आंबोलीत आहेत. त्यांना वनखात्याचे प्रशिक्षण, ओळखपत्र आणि ठरलेला मेहनताना द्या. रात्रीची भटकंती त्यांच्याशिवाय नको, गट लहान असावेत, आणि प्राण्याला हात लावणाऱ्याला दंड व्हावा.

रस्ता बांधकाम खात्याचा, वाहतूक पोलिसांची, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. पेंचमधून जाणारा महामार्ग तरी वनखात्याचा कुठे होता? तरी त्याच्याखालून प्राण्यांसाठी भुयारी मार्ग झालेच, आणि आज तिथून वाघ जातात. कर्नाटकात बंदीपूरच्या महामार्गावर २००९पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. आंबोलीत आम्ही तेवढे मागत नाही. हा घाट इथल्या लोकांची नाळ आहे, रुग्णवाहिका आणि भाजीचे ट्रक थांबवून चालणार नाही. पण बेडकांच्या ठराविक पट्ट्यांत जून-जुलैच्या रात्री वेग बांधून घालता येईल, गतिरोधक टाकता येतील, निव्वळ फिरायला आलेल्या गाड्यांना घाटात अंधार पडल्यावर मज्जाव करता येईल. जिथून बेडूक सर्वाधिक ओलांडतात तिथे मोऱ्यांची रचना बदलून त्यांना खालून वाट देता येईल. आणि पहाटे रस्त्यावर मेलेल्या जिवांची रोजची नोंद तर वनरक्षक उद्यापासून सुरू करू शकतो.

आंबोलीसाठी सरकार काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही. हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी राज्याने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. बोटाएवढ्या माशासाठी इतक्या तातडीने निर्णय होतो हे बघून आम्हा इथल्या लोकांना फार बरे वाटले होते. तीच तत्परता रस्त्यावरच्या बेडकाच्या वाट्याला यावी, एवढेच मागणे आहे.

वन, बांधकाम, पोलीस आणि ग्रामपंचायत अशी एकत्र बैठक आपण आंबोलीत घ्यावी. ती मे महिन्यातच व्हायला हवी. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की टोड बाहेर पडतो, तो शासन निर्णयासाठी थांबत नाही.

आपला,
सिंधुदुर्गातील एक नागरिक