अँजिओग्राफी 'नॉर्मल', पण छातीतले दुखणे खरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी त्रिमूर्तीनगरात पंधरा वर्षांपासून मेस चालवते. रोजचे चाळीस डबे असतात. दोन वर्षांपूर्वी, ५१व्या वर्षी, कणीक मळताना छातीवर पाटा ठेवल्यासारखे व्हायला लागले. कळ डाव्या जबड्यापर्यंत जायची. हात थांबवला की पाच-दहा मिनिटांत उतरायची. डिसेंबरात पहाटे गार पाण्यात पालक धुताना तर हमखास. स्ट्रेस टेस्टमध्ये दोष निघाला, म्हणून इथल्याच एका खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, "ताई, नसा एकदम साफ आहेत. पाळी जायच्या वयात असं होतंच. मन रमवा."

आदल्या वर्षी माझ्या ७६ वर्षांच्या सासूबाईंनाही असेच दुखले होते. त्यांना ब्लॉकेज निघाले, स्टेंट बसला, सगळे नातेवाईक भेटून गेले. मला मात्र घरचेच म्हणू लागले, "रिपोर्ट चांगला आहे ना, मग कशाला घेऊन बसतेस?" सव्वा वर्ष मी ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या आणि दुखले तरी बोलणे सोडले.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतले. अँजिओग्राफीत फक्त हृदयाच्या मोठ्या नसा दिसतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नसा दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त जायचे ते मुख्यतः त्याच ठरवतात. माझे माहेर काटोलकडचे, संत्र्याच्या बागेतले. मेन पाइप भरून वाहतो, पण ड्रिपरमधून पाणी पडत नाही आणि झाड सुकते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. तिथे ड्रिपरमध्ये क्षार साचतात, इथे तसे काही साचत नाही एवढाच फरक. काम वाढले की बारीक नस फुलायला हवी, ती फुलत नाही. काहींची मोठी नसच मधूनमधून आखडते, बहुतेकदा रात्री किंवा पहाटे.

वयाचे गणित मला इथे कळले. मोठ्या नसांतले ब्लॉकेज वयाबरोबर वाढते, आणि बायकांत ते पुरुषांपेक्षा सात ते दहा वर्षे उशिरा दिसते. म्हणून पन्नाशीच्या बाईची अँजिओग्राफी साफ निघाली की सगळे निर्धास्त होतात. पण नेमक्या त्याच वयात इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातले संप्रेरक कमी होते आणि नसांच्या आतल्या अस्तराची सैल होण्याची ताकद घटते. ब्लॉकेज नसताना हृदयाला रक्त कमी पडणाऱ्यांत अशा बायका जास्त असतात. साठी-सत्तरीच्या लोकांनीही हे आपले नाही असे समजू नये. गरजेला जास्तीचे रक्त ओढून घेण्याची हृदयाची क्षमता वयानेही उतरत जाते. अमेरिकेत १९९६ मध्ये खास बायकांवर 'वाइज' नावाचा अभ्यास सुरू झाला. साफ नसांच्या बायकांनाही पुढे हृदयविकाराचा धोका राहतो, हे त्यातून दिसले.

तपासणी आहे. अँजिओग्राफी करतानाच बारीक तारेने रक्ताचा प्रवाह मोजता येतो, ॲसिटिलकोलीन नावाचे औषध देऊन नस आखडते का तेही पाहता येते. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. अशी तपासणी करून ज्याला जो दोष त्याला तीच औषधे दिली, तेव्हा सहा महिन्यांत छातीदुखी कमी झाली. दोष ओळखणे गरजेचेच आहे, कारण आखडणाऱ्या नसेची गोळी वेगळी आणि बारीक नसांची वेगळी. माझा दोष बारीक नसांचा निघाला. आता औषधे चालू आहेत, बीपी सांभाळते आणि कणीक दोन हप्त्यांत मळते.

माझी विनंती नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांना आणि सरकारी रुग्णालये चालवणाऱ्यांना आहे. ब्लॉकेज नाही म्हणजे आजार नाही, असे रुग्णाला सांगू नका. डिस्चार्ज कार्डावर 'नॉर्मल' लिहून थांबू नका, दुखण्याचे कारण अजून शोधायचे आहे हेही लिहा. आणि ही तपासणी गरीब बाईलाही मागता येईल अशी सोय करा. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून माणसे इथे येतात. त्यांना पुन्हा पुन्हा येणे परवडत नाही.

माझ्या पहिल्या अँजिओग्राफीच्या दिवशी शेजारच्या खाटेवर गडचिरोलीकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. धान रोवताना छाती भरून येते म्हणायची. तिच्याही नसा साफ निघाल्या. दुसऱ्या दिवशी कार्ड पदरात बांधून ती मुलासोबत एसटी गाठायला निघाली, तेव्हा जिना उतरताना दोनदा छातीला हात लावून थांबली होती.

आपली,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर